दुर्बीण काढून मूळ साइट परत बसवली: .२२ रिव्हॉल्व्हर, दोन आचारसंहिता आणि एक स्क्रू

लायसन्सवर जुनं रिव्हॉल्व्हर घेतलं, त्यावर आधीच्या मालकाने दुर्बीण चढवलेली होती आणि मला ती काढून कंपनीची मूळ ओपन साइट (मागच्या खाचेतून पुढची माशी बघत नेम धरायची जोडी) परत हवी होती. काम एवढंच. पण यात जवळजवळ अख्खं २०२४ साल गेलं, आणि सुरुवातीला विचारायला गेलो तर मराठीत कुठेच काही लिहिलेलं सापडलं नाही, ज्याला विचारावं तो अर्धंच सांगायचा. म्हणून तारखा, खर्च, कागद सगळं जसं झालं तसं लिहून ठेवतोय.

आमची शेती जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात, केळी आणि थोडा कापूस. रानडुकरांमुळे वडिलांपासून घरात बारा बोअरची बंदूक आहे, लायसन्स माझ्या नावावर. क्लबला जाऊन .२२ ने नेमबाजी करायला लागलो आणि दुसऱ्या हत्याराची परवानगी २०२३ मध्ये मिळाली. (२०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर एका माणसाला लायसन्सवर दोनच हत्यारं ठेवता येतात, आधी तीन चालायची, हे लक्षात ठेवून अर्ज करा.) परवानगीवर खरेदीची मुदत लिहिलेली असते, ती बघून घ्या.

रिव्हॉल्व्हर मिळालं धुळ्याच्या एका जुन्या शूटरकडे, आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणतो. स्मिथ अँड वेसन मॉडेल १७, .२२ एलआर (लाँग रायफल नावाची छोटी गोळी), सहा इंची बॅरल (नळी). हे मॉडेल दुसऱ्या महायुद्धानंतर के-२२ मास्टरपीस नावाने आलं आणि १९५७ पासून कंपनीने त्याला १७ नंबर दिला. टार्गेटसाठीच बनवलेलं हत्यार, मागची साइट स्क्रूने वर-खाली आणि डावी-उजवी होते, पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा उंचवटा, सरळ उभ्या कडेची, १/८ इंच रुंद. आपल्याकडे परदेशी हत्यारं आणण्यावर ऐंशीच्या दशकात निर्बंध आल्यापासून असं जुनं पण नीट ठेवलेलं हत्यार सहज मिळत नाही, आणि मिळालं तर भाव ऐकून माणूस दोन दिवस विचार करतो. मी पण केला. रक्कम इथे लिहीत नाही, तो आप्पांचा आणि माझा व्यवहार.

आप्पांनी दुर्बीण का लावली होती ते समजून घेतलं पाहिजे. साठीनंतर त्यांना हातभर अंतरावरची माशी स्पष्ट दिसेना, आणि ओपन साइटमध्ये सगळा खेळच माशीचा. टार्गेट थोडं पुसट दिसलं तरी चालतं, माशी पुसट दिसली की संपलं. दुर्बिणीत टार्गेट आणि क्रॉस एकाच वेळी स्पष्ट दिसतात म्हणून त्यांनी त्या वेळच्या एका मिस्त्रीकडून मागची साइट काढून तिथे माउंट (दुर्बीण धरणारी बैठक) आणि त्यावर हात लांब करून बघायची पिस्तुलाची दुर्बीण बसवून घेतली. मी म्हटलं मला ती काढायचीय, तर आप्पा म्हणाले, "कसाले काढस भाऊ, इतली चांगली शे." आणि मग जरा थांबून, "बरोबर शे तुनं बी. मना डोया गयात, तुना त शेतस ना."

माझं कारण साधं होतं. क्लबच्या पिस्तूल स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांच्या धर्तीवर होतात आणि त्यात फक्त ओपन साइट चालते, दुर्बीण, रेड डॉट, लेझर काहीच नाही. बॅरल १५३ मिलिमीटरपर्यंत चालतं, सहा इंच म्हणजे १५२.४, बरोबर बसतं. वजनाची मर्यादा १४०० ग्रॅम, रिव्हॉल्व्हर स्वतः ११०० च्या आसपास, आणि दुर्बीण-माउंट चढवलं की काटा मर्यादेला टेकतो. शिवाय वजन सगळं वरच्या अंगाला, मनगट लवकर थकतं. आणि खरं सांगायचं तर ज्या माणसांनी ते हत्यार बनवलं त्यांनी ज्या नजरेने बनवलं त्याच नजरेने ते मला चालवायचं होतं.

आता कागद. खाजगी माणसाकडून लायसन्सचं हत्यार घेताना विकणाऱ्याने आपल्या जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला लेखी कळवावं लागतं की मी अमुक हत्यार अमुक माणसाला विकणार आहे, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ मध्येच आहे हे. आप्पांनी ८ जानेवारी २०२४ ला धुळ्यात अर्ज दिला, कलेक्टर ऑफिस आणि पोलीस स्टेशन दोन्हीकडे, आणि दोन्हीकडून पोच घेतली. पोचेवर शिक्का आणि तारीख दोन्ही पाहिजे, नुसती सही घेऊन परत येऊ नका, पुढे ४५ दिवस कुठून मोजायचे हा प्रश्न कुणीतरी विचारतंच.

फेब्रुवारीच्या शेवटी मुदत संपली. मग धुळ्याचं पत्र जळगावच्या गृह शाखेत (कलेक्टर ऑफिसमधलं लायसन्सचं टेबल) यायचं होतं. ते येईपर्यंत मार्चचा दुसरा आठवडा उजाडला, आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. झालं. टेबलावरच्या क्लार्क मॅडमनी फाईल दाखवली, सगळं पूर्ण होतं, पण म्हणाल्या आता निवडणूक होईपर्यंत नवीन नोंद होणार नाही, उलट तुमची आहे ती बंदूक जमा करायची नोटीस येईल. आली. बारा बोअर पोलीस स्टेशनला जमा केली, आप्पांनी रिव्हॉल्व्हर धुळ्यात जमा केलं. जमा करताना एक लक्षात ठेवा, पावतीवर मेक, बोअर आणि नंबर लिहून घ्यायचाच, पण सोबत काय काय आहे तेही लिहून घ्यायचं. आप्पांच्या पावतीवर "दुर्बिणीसह" असं लिहून घेतलं होतं. आणि जमा करायच्या आधी बॅरलमध्ये तेलाचा हात फिरवायचा, कारण माल कुठल्या खोलीत किती दिवस पडेल सांगता येत नाही.

ते दोन-अडीच महिने मनाला फार जड गेले. जळगावात १३ मे ला मतदान, धुळ्यात २० ला, निकाल ४ जूनला. ऊन असं की दुपारी बाहेर पाय टाकवत नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) धुळ्यावरून जाताना आप्पांकडे थांबलो, पुरणपोळी-आमरस झाला, आणि जेवणानंतर मी विषय काढला की आप्पा, मूळ साइट कुठंय?

ज्यांना हे काम करायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा. माउंट बसवताना मागची साइट काढली जाते, आणि ती बिचारी कुठल्या तरी डबीत जाते. तीच मूळ साइट सापडली तर काम हजारांत होतं. नाही सापडली तर परदेशातून पार्ट आणणं आपल्यासारख्याला जवळपास अशक्य, हत्याराचे भागही हत्याराच्याच कायद्यात येतात, कुरिअरने मागवायची वस्तू नाही ती. म्हणून व्यवहार पक्का करायच्या आधी जुन्या मालकाच्या घरातली प्रत्येक डबी उघडायला लावा. आप्पांच्या घरी देवघराच्या खालचं कपाट, शिलाई मशीनचा खण, सगळं झालं. शेवटी माळ्यावरच्या साफसफाईच्या पेटीत फोटोच्या रोलची काळी डबी निघाली, वर राखाडी झाकण. आत घट्ट झालेल्या पिवळट ग्रीसमध्ये बुडालेली साइट. बोटाने ग्रीस बाजूला केलं तर खालचा काळा-निळा रंग जसाच्या तसा, पात्याच्या खाचेची कड अजून धारदार. मला इतका आनंद झाला की आप्पांच्या पाया पडलो.

पण साइट पूर्ण नव्हती. पुढच्या बाजूने साइटची पट्टी फ्रेमला (हत्याराच्या सांगाड्याला) धरून ठेवणारा एक बारीक स्क्रू असतो, तो नव्हता. आणि डावी-उजवी करणारा विंडेज स्क्रू जाम होता. इथे एक सांगतो, त्या विंडेज स्क्रूचं टोक पलीकडच्या नटात ठोकून पक्कं केलेलं असतं, ते उघडायच्या भानगडीत पडलात की स्क्रू मोडतो. जाम असेल तर तेलात ठेवा, हात लावू नका. आम्ही ती डबीतच ठेवली, फक्त जुनं ग्रीस काढून पातळ तेल भरलं.

आचारसंहिता उठल्यावर जूनमध्ये परत गृह शाखा. प्रतिज्ञापत्र नव्याने मागितलं कारण आधीचं जुनं झालं होतं, तेव्हा १०० च्या स्टॅम्पवर झालं, नोटरी, झेरॉक्स, फोटो धरून हजाराच्या आत. पोलीस स्टेशनचा अहवाल मात्र जुनाच चालला, तेवढा वेळ वाचला. १९ जुलैला व्यवहार झाला. आप्पांच्या लायसन्सवरून हत्यार उतरलं, माझ्या लायसन्सवर चढलं.

हत्यार पडताळणीला पोलीस स्टेशनला नेलं तेव्हा एक अडचण आली, तुम्हाला येऊ नये म्हणून लिहितो. या रिव्हॉल्व्हरचा नंबर मुठीच्या तळाला फ्रेमवर असतो, आणि टार्गेटची मोठी लाकडी मूठ खालून तो झाकून टाकते. हवालदार साहेब हत्यार उलटंपालटं करून नंबर शोधत होते. मूठ एका स्क्रूवर असते, माझ्याकडे बरोबर मापाचा स्क्रू ड्रायव्हर होता, त्यांच्यासमोरच मूठ उतरवली, के ने सुरू होणारा नंबर दिसला, वहीशी जुळला. स्क्रू ड्रायव्हर सोबत न्याच. आणि तिथल्या साहेबांना आणि गृह शाखेत, दोन्हीकडे मी आधीच विचारून ठेवलं की दुर्बीण काढून मूळ साइट बसवली तर लायसन्सवर काही बदल लागेल का. मला सांगितलं की प्रकार, बोअर, मेक आणि नंबर तोच राहतो, बॅरलला हात लागत नाही, त्यामुळे नोंद बदलत नाही, फक्त काम लायसन्स असलेल्या रिपेअररकडेच करा आणि पावती ठेवा. तुम्ही तुमच्या जिल्ह्यात विचारूनच करा.

रिपेअरर शोधताना एक गोष्ट आड आली. आम्हाला यावल-रावेरवाल्यांना बऱ्हाणपूर आणि इंदूर जवळचं, कितीतरी कामं आम्ही तिकडेच करतो. पण माझ्या लायसन्सचं क्षेत्र महाराष्ट्र राज्य, म्हणजे हत्यार घेऊन मध्य प्रदेशात पाऊल टाकता येत नाही. बघा आपापल्या लायसन्सवर काय लिहिलंय. म्हणून नाशिकच्या रिपेअररकडे जायचं ठरवून रस्ता धरला, एरंडोल, पारोळा, धुळे आणि पुढे मुंबई-आग्रा हायवे. हत्यार रिकामं, कुलूपबंद पेटीत, गोळी एकही सोबत नाही, लायसन्स वरच्या खिशात. गाडी रस्त्यात कुठे सोडली नाही, मालेगावच्या पुढे चहा प्यायलो तो पण गाडीला टेकून.

पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात हत्यार दिलं. मिस्त्रींनी आधी लायसन्स बघितलं, रजिस्टरला नोंद केली, मला पावती दिली आणि मगच पेटी उघडायला सांगितलं. हे ज्या दुकानात होत नाही तिथून उठून यावं. सिलिंडर (गोळ्या बसतात तो फिरता भाग) उघडून रिकामा आहे हे त्यांनी बघितलं, मी बघितलं, मग कामाला हात.

बराच वेळ मी शेजारी स्टुलावर बसून होतो. माउंटचे स्क्रू जुन्या मिस्त्रीने लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा चिकट द्रव) लावून बसवले होते, हलेनात. मी ताकदीचा विचार करत होतो, यांनी सोल्डरिंगची इस्त्री गरम केली, टोक स्क्रूच्या डोक्यावर धरलं, थोडा वेळ थांबले, आणि मग सरळ कडांचा, खाचेत पूर्ण बसणारा ड्रायव्हर लावून फिरवलं. कट्ट आवाज झाला आणि सुटला. आपल्या घरातला नेहमीचा ड्रायव्हर टोकाला निमुळता असतो, तो खाचेतून वर सरकतो आणि स्क्रूचं डोकं फाडतो, शेजारचा निळा रंग ओरबाडतो तो वेगळा. माउंट उचलल्यावर खाली फ्रेमच्या वरच्या पट्टीवर माउंटसाठी नंतर पाडलेली भोकं दिसली. नशीब ती मूळ साइटच्या पट्टीखाली झाकली जात होती. तरी मिस्त्रींनी त्यात आटेवाले बिनडोक्याचे छोटे स्क्रू बसवून वरून पट्टीशी एकसारखे केले, नाहीतर तेल-काजळी साठून आतून गंज धरतो.

हरवलेला स्क्रू हा खरा कामाचा भाग. अमेरिकन हत्यारात इंची आटे, आपल्या बाजारात सगळे मेट्रिक, त्यातला एम-३ जवळचा वाटतो पण तो घालून दाबायचा नाही, फ्रेमचे आटे जातात आणि फ्रेम काही बदलून मिळत नाही. मिस्त्रींनी आट्याचं गेज लावून माप काढलं आणि लेथवर नवीन स्क्रू काढला. पहिल्यांदा मुद्दाम जास्त लांब ठेवला आणि मग कानशीने एकेक घास कमी करत गेले. का, तर हा स्क्रू लांब राहिला तर खालून सिलिंडरच्या खिडकीत डोकावतो आणि सिलिंडरला घासतो, आणि आखूड राहिला तर दोनच आट्यांवर पट्टी तोलून राहते. दरवेळी स्क्रू बसवायचा, सिलिंडर हाताने पूर्ण फिरवायचा, कान लावून ऐकायचं, काढायचा, परत कानस. शेवटी टोक फ्रेमच्या आतल्या बाजूला अगदी काठाशी येऊन थांबलं. विंडेज स्क्रू तेलात भिजून भिजून थोडा हलला होता, तो त्यांनी पुढे-मागे करत मोकळा केला, मोडला नाही. उंचीचा स्क्रू फ्रेममधल्या नटात नीट बसला. माउंटच्या कडेने निळा रंग गेला होता तिथे ॲसिटोनने पुसून थंड ब्लूइंग (लोखंडाला काळा-निळा रंग देणारं औषध) लावलं, उजेडात नीट बघितलं तर फरक कळतो, पण गंज लागणार नाही एवढं झालं.

मजुरी ६,५०० रुपये, स्क्रू आणि ब्लूइंग धरून. जाण्या-येण्याचं डिझेल-टोल वेगळं, कारण द्यायला एकदा आणि आणायला एकदा मी स्वतःच गेलो. नवरात्राच्या आधी घेऊन आलो. दुर्बीण आणि माउंट आप्पांना परत केलं, त्यांनी घेतलं नसतं तरी ती त्यांची वस्तू होती.

आणि झिरो करायला (साइट नेमाशी जुळवायला) जाणार तेवढ्यात १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता. परत जमा. या वेळी जास्त त्रास झाला, कारण हत्यार तयार होतं आणि हातात नव्हतं. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल, आणि सोडायचा आदेश पोलीस स्टेशनला यायला नोव्हेंबर अखेर. परत घेताना पावतीवरचं वर्णन आणि हत्यार दोन्ही तिथेच जुळवा, साइटची पट्टी हलत नाही ना ते बोटाने दाबून बघा.

डिसेंबरच्या थंडीत रेंजवर गेलो. गोळ्या डीलरकडूनच घ्याव्या लागतात आणि लायसन्सवर चढतात, आमच्याकडे वरणगावला आयुध निर्माणी आहे म्हणून .२२ स्वस्त मिळते असं काही नसतं, बरेच जण विचारतात म्हणून सांगितलं. टेबलावर वाळूच्या पिशव्या, २५ मीटर, कागदाचा काळा भाग २०० मिलिमीटर आणि दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटर. पाच-पाच गोळ्यांचे ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचे पुंजके. पहिला ग्रुप चांगला गोळा झालेला पण नेमापेक्षा साधारण दहा सेंटिमीटर खाली आणि जरा डावीकडे. एका गोळीवर साइट कधीच फिरवू नका, ग्रुप बघा.

हिशोब असा. माशीपासून मागच्या पात्यापर्यंतचं अंतर माझ्या मोजमापाने साधारण १९० मिलिमीटर. २५ मीटरवर १०० मिलिमीटर वर यायचं तर १०० गुणिले १९० भागिले २५,०००, म्हणजे मागचं पातं पाऊण मिलिमीटर वर. उंचीचा स्क्रू उलटा फिरवला की पातं वर येतं आणि मारही वर जातो. मागची साइट जिकडे सरकवाल तिकडे मार सरकतो, माशीचं बरोब्बर उलटं. म्हणूनच माशी कानसून उंची जुळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, कानसलेलं परत येत नाही, मागच्या स्क्रूत भरपूर वाव असतो. थोडं फिरवायचं, पाच गोळ्या, परत थोडं.

ऊन चढल्यावर माशीची झिजलेली कड चमकायला लागली आणि खाचेत तिच्या दोन्ही बाजूंचा उजेड सारखा दिसेना. तिथल्या एका जुन्या कोचनी खिशातून कापराची वडी काढली. हत्यार रिकामं करून, सिलिंडर उघडा ठेवून, गोळ्या लांबच्या टेबलावर नेऊन, साइट कोरडी पुसली आणि पेटत्या कापराच्या धुरावर माशी आणि पातं क्षणभर धरलं. मखमलीसारखी काळी काजळी बसली, चमक पूर्ण गेली. बोट लागलं की पुसली जाते म्हणून हे रेंजवरच करायचं, आणि घरी येताना पुसून तेल लावायचं.

दुपारपर्यंत ग्रुप काळ्याच्या मध्यावर आला. आता प्रत्येक प्रॅक्टिसनंतर पुढचा स्क्रू बोटाने तपासतो, कारण नवीन स्क्रू सुरुवातीला थोडा बसतो, एकदा पाव फेरा सैल मिळाला तेव्हा मिस्त्रींना फोन करून विचारलं, त्यांनी सुटणारं निळं लॉकटाइट एक थेंब लावायला सांगितलं, लाल नाही. तेव्हापासून हलला नाही. उंचीचा स्क्रू पूर्ण खाली बसवल्यापासून किती फेरे वर आहे ते लायसन्सच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहून ठेवलंय, त्याच पाकिटात मिस्त्रींची पावती, दोन्ही वेळच्या जमा पावत्या आणि आप्पांच्या अर्जाची शिक्क्याची पोच.